सहा इंजिनं आणि एक प्रवासी : यू-180 या जर्मन पाणबुडीचं प्रकरण

यू-180 हे नाव आपल्याकडे एकाच कारणाने माहीत असतं. फेब्रुवारी 1943 मध्ये सुभाषचंद्र बोस कीलच्या बंदरात जिच्यात बसले, ती ही पाणबुडी. पुस्तकांत हा प्रवास दीड ओळीत उरकलेला असतो: जर्मनीहून पाणबुडीने निघाले, मध्ये जपानी पाणबुडीत बदली झाली, टोकियोला पोचले. बोट मुळात कशी होती आणि नेताजी उतरून गेल्यावर तिचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही.

माझी उमेदीची वर्षं व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. त्यामुळे कुठलीही बोट म्हटली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कुठलं? यू-180 ला हा प्रश्न विचारला की बाकीची गोष्ट आपोआप उलगडत जाते.

बोट

ब्रेमेनच्या ए. जी. वेझर गोदीत 25 फेब्रुवारी 1941 ला तिच्या बांधणीला सुरुवात झाली आणि 10 डिसेंबर 1941 ला ती पाण्यात उतरली. दुसऱ्याच दिवशी हिटलरने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. 16 मे 1942 ला बोट नौदलाच्या ताब्यात आली. कप्तान होते वेर्नर मुझेनबेर्ग, त्या काळातल्या बऱ्याच यू-बोट (म्हणजे जर्मन पाणबुडी) कप्तानांपेक्षा वयाने मोठे.

जर्मन नौदलात लांब पल्ल्याच्या पाणबुड्या म्हणजे ‘नऊ’ प्रकारच्या. त्यातला ‘डी’ हा सर्वांत मोठा: लांबी साडेसत्त्याऐंशी मीटर, रुंदी साडेसात मीटर, पाण्यावर असताना वजन 1,610 टन. पुढे चार आणि मागे दोन टॉर्पेडो नळ्या. बहुतेक ‘डी’ बोटी दुसऱ्या उपप्रकारातल्या होत्या. त्यांना एमएएन कंपनीची दोन मोठी डिझेल इंजिनं, मिळून 4,400 अश्वशक्ती, आणि जोडीला संथ चालीसाठी दोन लहान डिझेल. लहान डिझेलवर रमतगमत जायचं, गरज पडली की मोठी लावायची. हा जमून आलेला बेत होता. 12 नॉटच्या, म्हणजे तासाला 12 सागरी मैलांच्या वेगाने त्या 23,700 सागरी मैल जाऊ शकत. पृथ्वीचा घेर 21,600 सागरी मैल आहे, यावरून काय ते समजावं.

पहिला उपप्रकार मात्र वेगळ्याच हट्टातून जन्मला. त्याला हवा होता वेग. 20 नॉटच्या वर पळणारी पाणबुडी मिळाली तर शत्रूच्या जहाजांच्या काफिल्याला वळसा घालून पुढे जाता येईल, रात्री पृष्ठभागावर राहून हल्ला करून निसटता येईल. त्यासाठी डाइमलर-बेंझचं एमबी 501 हे इंजिन निवडलं गेलं: 20 सिलिंडरचं, वजनाला हलकं, एकेक 1,500 अश्वशक्तीचं. अशी सहा इंजिनं, पंखा फिरवणाऱ्या एकेका शाफ्टवर तीन. एकूण 9,000 अश्वशक्ती. कागदावर वेग 20.8 नॉट, म्हणजे त्या काळच्या कित्येक मालवाहू जहाजांच्या दुप्पट.

गोम अशी की हे इंजिन बनलं होतं जर्मनीच्या वेगवान टॉर्पेडो होड्यांसाठी, ज्यांना ते ‘श्नेलबोट’ म्हणत. श्नेलबोट अंधार पडल्यावर बंदरातून सुटते, इंग्लिश खाडीत धुमाकूळ घालते आणि उजाडायच्या आत परत येते. दिवसा तिची इंजिनं उघडून बसायला किनाऱ्यावर फिटर हजर असतात. पाणबुडीचं इंजिन आठवडेच्या आठवडे चालवावं लागतं, तेही जिथे तिघांना एका वेळी ताठ उभं राहता येत नाही अशा बोळकांडीत. शर्यतीचा घोडा उसाच्या गाडीला जुंपावा, तसला हा प्रकार. गाडी ओढली जाते, पण घोडा महिनाभर टिकत नाही.

इंजिनं तापत. सतत काही ना काही बिघडत असे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा धूर. धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा भार झेपत नाहीये, हे आमच्याकडे नव्या कॅडेटला पहिल्याच महिन्यात कळतं. जहाजावर धूर झाला तर फार तर चीफ इंजिनिअरच्या शिव्या खाव्या लागतात. पाणबुडीला धूर परवडत नाही. लपून राहणं हेच तिचं हत्यार, आणि ही बोट दिवसाढवळ्या आपला पत्ता क्षितिजावर लिहीत जायची. अशा बोटी फक्त दोनच झाल्या, यू-180 आणि यू-195. तिसरी कुणी बांधली नाही.

पहिली गस्त

आणि नेमक्या याच बोटीवर बोस आले.

एप्रिल 1941 मध्ये काबूलमार्गे बर्लिनला पोचलेले बोस 1942 संपता संपता तिथे अडकल्यासारखे झाले होते. मे 1942 मध्ये हिटलरची भेट झाली, हाती ठोस काही लागलं नाही. इकडे जपान्यांनी सिंगापूर घेतलं होतं, ब्रह्मदेश घेतला होता. काम पूर्वेला होतं. विमानाने जायचे पर्याय चर्चेत येऊन मागे पडले आणि पाणबुडी उरली. 9 फेब्रुवारी 1943 ला यू-180 कीलहून निघाली. सोबत एकच सहकारी, हैदराबादचे आबिद हसन. जर्मनीत शिकायला गेलेला हा तरुण बोसांचा सचिव, दुभाषी, टंकलेखक आणि पुढच्या अडीच महिन्यांत, जसं कळतं तसा, आचारीही झाला. बर्लिनमधल्या ‘फ्री इंडिया सेंटर’ची धुरा ए. सी. एन. नंबियार यांच्याकडे सोपवली होती. मागे पत्नी एमिली आणि जेमतेम अडीच महिन्यांची अनिता.

वाट नेहमीची: नॉर्वेच्या किनाऱ्याने वर, मग आइसलंड आणि फेरो बेटांच्या मधून अटलांटिकमध्ये, आणि तिथून खाली दक्षिणेकडे. ब्रिटिश विमानांचं लक्ष असतं तिथे दिवसा बुडी, रात्री वर. बॅटऱ्या चार्ज करायला वर यावंच लागतं, कारण पाण्याखाली डिझेल चालत नाही. बॅटरीवर जेमतेम चार नॉटची चाल.

आतलं जगणं कसं होतं ते हसन यांनी पुढे सांगून ठेवलंय. आत शिरल्याबरोबर डिझेलचा वास नाकात गेला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. पावाला डिझेलचा वास, पांघरुणाला डिझेलचा वास. यावर माझा चटकन विश्वास बसतो. रजेवर घरी आल्यावर चार दिवस माझ्या उशीलाही तो वास यायचा, आणि आमची जहाजं या बोटीपुढे राजवाडेच. यू-180 वर पन्नासहून जास्त माणसं, आळीपाळीने वापरायचे बिछाने, आणि मागच्या अंगाला तापलेली सहा इंजिनं.

जेवणात डबाबंद मांस आणि जाड पाव. बोसांना ते उतरेना. हसन यांनी कोठारात धुंडाळून तांदळाची नि डाळीची पिशवी शोधून काढली आणि खिचडी रांधली. बोसांना ती इतकी आवडली की त्यांनी जर्मन अधिकाऱ्यांनाही जेवायला बसवलं. हसन यांचा जीव खालीवर: ही पाहुणचाराची हौस अशीच चालली तर पिशवी आफ्रिका यायच्या आत संपायची. अटलांटिकच्या पोटात, शत्रूच्या विमानांखाली, एक हैदराबादी माणूस डाळतांदळाचा हिशेब करत बसलाय, हे चित्र मला त्या प्रवासाच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा खरं वाटतं.

बोसांचा दिवस मजकूर सांगण्यात जाई. हसन लिहून घेत. स्त्रियांची लढाऊ पलटण उभी करायची आणि तिला झाशीच्या राणीचं नाव द्यायचं, याचा खल या बोटीवरच झाला, असं हसन सांगत. एका हल्ल्याच्या वेळी बोट चुकून पृष्ठभागावर आली आणि समोरचं जहाज तिच्या अंगावर चालून आलं. बोट बुडी मारत असताना जोराचा हादरा बसला. हसन यांचा हात थबकला. तुम्ही लिहून घेत नाही आहात, अशा अर्थाचं बोसांचं वाक्य तेवढं त्यांच्या कानावर आलं.

18 एप्रिल 1943 ला दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला यू-180 ने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं, 8,132 टनांचं. तेलवाहू जहाज पेटलं की पाणीही पेटतं. त्यावरचे बहुतेक खलाशी मेले. ते माझ्याच पेशाचे लोक, म्हणून ही ओळ लिहिताना मला दोन्ही बाजूंचं वाटतं. नेताजींच्या प्रवासाच्या कथेत कॉर्बिसचा उल्लेख ‘थरारक प्रसंग’ म्हणून येतो. तिच्या इंजिन रूममध्ये त्या वेळी ड्यूटीवर कुणीतरी असणारच.

त्याच सुमाराला मुरगावात

थोडं विषयांतर, पण आपल्या किनाऱ्याचं. यू-180 अजून अटलांटिकमध्येच होती, तेव्हा 9 मार्च 1943 च्या रात्री गोव्यात मुरगाव बंदरात एक अजब हल्ला झाला. गोवा पोर्तुगिजांचा, पोर्तुगाल तटस्थ, म्हणून ‘एरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ ही तीन जर्मन जहाजं आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज तिथे आश्रयाला पडून होतं. एरेनफेल्सवर छुपा ट्रान्समीटर आहे आणि हिंदी महासागरातल्या यू-बोटींना त्यावरून खबरा जातात, असा ब्रिटिशांचा संशय. तटस्थ बंदरात उघड फौज पाठवता येईना. मग त्यांनी ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले, बरेचसे चाळिशी-पन्नाशीचे कारकून, व्यापारी, मळेवाले गोळा केले आणि ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहायच्या बार्जमधून मुरगावात आणून सोडले. एरेनफेल्सवर चकमक झाली, जहाज बुडालं, बाकीच्यांनी आपापली जहाजं स्वतःच बुडवली. या धाडीमुळे यू-बोटींचं खरंच किती नुकसान झालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण 1943 च्या मार्चमध्ये हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांची धास्ती मुरगावपर्यंत पोचली होती, एवढं यातून दिसतं.

भेट

जपानी पाणबुडी आय-29 मलायातल्या पेनांगहून 5 एप्रिलला निघाली होती. 26 एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला भर समुद्रात दोघी भेटल्या. आय-29 चे कप्तान जुइची इझू, आणि त्यांच्यावरचे तुकडीप्रमुख मासाओ तेराओका. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पण समुद्राने ऐकलं नाही. लाटा एवढ्या की होडी घालणं शक्य नव्हतं. हा भाग मला सर्वांत धोक्याचा वाटतो. पाणबुडीचं सगळं संरक्षण बुडी मारण्यात, आणि इथे दोन पाणबुड्या शेजारीशेजारी, पृष्ठभागावर, हळू चालीने, लाटा निवळायची वाट बघतायत. त्यातली एक धुराचा त्रास असलेली. वरून शत्रूचं एखादं कॅटालिना हे गस्ती विमान गेलं असतं तर इतिहास तिथेच थांबला असता.

28 एप्रिलला बोस आणि हसन रबरी होडीतून आय-29 वर गेले. चिंब भिजून. दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात अशी प्रवाशांची अदलाबदल त्या युद्धात दुसरी झाल्याचं सहसा सांगितलं जात नाही. जपान्यांनी पेनांगमध्ये मुद्दाम भारतीय जेवणाचं सामान भरून घेतलं होतं. तेराओकांनी आपली खोली पाहुण्यांना दिली. दुसऱ्या दिवशी, 29 एप्रिलला, सम्राटाचा वाढदिवस. त्या दिवशी पानात झणझणीत कालवण होतं. डबाबंद मांसावर काढलेल्या दिवसांनंतर ते कसं लागलं असेल ते मराठी माणसाला सांगायला नको.

उलट दिशेने यू-180 वर काय आलं? दोन टन सोनं, बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी. शिवाय शस्त्रांचे नमुने, आराखडे. आणि दोन जपानी नौदल अधिकारी, तेत्सुशिरो एमी आणि हिदेओ तोमोनागा. तोमोनागा हे पाणबुड्यांचे अभियंते, जर्मनांची पाणबुडी बांधायची पद्धत शिकायला निघालेले. अभियंत्याच्या डोळ्यांनी त्यांनी यू-180 ची इंजिन रूम पहिल्यांदा पाहिली तेव्हा काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

बोस मे महिन्यात सुमात्राच्या टोकाशी साबांगला उतरले. बर्लिनमधले जुने परिचित कर्नल यामामोटो तिथे घ्यायला आले होते. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशेब

यू-180 परत फिरली. याच मे महिन्यात जर्मनांच्या 40 हून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि 24 मेला जर्मन नौदलाचा प्रमुख ड्योनित्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. मुझेनबेर्ग तेव्हा दूर दक्षिणेला होते, ते एका अर्थी नशीबच. 3 जूनला दक्षिण अटलांटिकमध्ये ‘बोरिस’ हे 5,166 टनांचं ग्रीक जहाज त्यांनी बुडवलं आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात बोट फ्रान्समधल्या बोर्दोला लागली.

जवळजवळ पाच महिन्यांची गस्त, दोन जहाजं, 13,298 टन. तिचं सगळ्या युद्धातलं खातं एवढंच. आता शेजारची पाटी बघा. ‘डी’ प्रकाराच्याच दुसऱ्या उपप्रकारातली यू-181, कप्तान वोल्फगांग ल्यूट, मार्च ते ऑक्टोबर 1943 याच पाण्यात फिरली. 206 दिवस, 10 जहाजं, 45,331 टन. मॉरिशसच्या दक्षिणेला ‘शार्लोट श्लीमान’ या पुरवठा जहाजाकडून तिने तेल घेतलं आणि पुन्हा शिकारीला गेली.

तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य. मुझेनबेर्गना निघतानाच सांगितलेलं होतं की प्रवासी आधी, शिकार नंतर. ल्यूट हा जर्मनीच्या सर्वांत यशस्वी कप्तानांपैकी एक. तरीही फरक केवळ माणसांचा नाही. यू-180 चा पल्ला तिच्या या बहिणींच्या निम्म्याच्या आसपास, धूर वेगळाच, आणि ज्या वेगासाठी हा सगळा खटाटोप केला तो वेग तापणाऱ्या इंजिनांमुळे हवा तेव्हा वापरता येत नसे. जर्मन नौदलानेही तोच निष्कर्ष काढला, आणि तो त्यांनी कृतीने सांगितला: बोर्दोत सहाही इंजिनं उपसून काढली. जागी जर्मानियावेर्फ्टची साधी दोन डिझेल बसवली, दोन्ही मिळून 2,800 अश्वशक्ती. 9,000 वरून 2,800! टॉर्पेडो नळ्याही काढल्या आणि बोटीची मालवाहू करून टाकली, सुमारे 250 टन माल नेणारी. लढाऊ पाणबुडी म्हणून तिची कारकीर्द एका गस्तीत संपली.

मग बोसांना याच बोटीतून का पाठवलं? एवढ्या लांब जाऊन परत येऊ शकणाऱ्या मोठ्या बोटी 1943 च्या सुरुवातीला मोजक्याच होत्या आणि त्यातली ही तयार होती. माझा तर्क असा की शिकारीसाठी जी फारशी कामाची नाही, तिलाच निरोप्या करणं नौदलाला सोयीचं वाटलं असावं. चांगला बैल कुणी वरातीला देत नाही.

शेवट

ऑगस्ट 1944. नॉर्मंडीतून सुटलेल्या दोस्त फौजा फ्रान्समध्ये पसरल्या होत्या आणि बोर्दोचा तळ सोडायची वेळ आली होती. यू-180 आणि यू-195 या दोघी मालाने भरून पूर्वेकडे पाठवायचं ठरलं. यू-180 चा नवा कप्तान ओबरलॉयटनांट रोल्फ रीझन, विशीतला. आता बोटीवर श्नॉर्कल होता, म्हणजे पाण्याखालून नळीने हवा घेत डिझेल चालवायची सोय. 20 ऑगस्टला बोट निघाली. जिरोंद नदीचं मुख आणि पुढचा बिस्केचा उपसागर ब्रिटिश विमानांनी सुरुंगांनी पेरून ठेवलेला. यू-180 चा त्यानंतर काही ठावठिकाणा लागला नाही. दप्तरी तारीख 23 ऑगस्ट 1944 किंवा त्यानंतर. बुडण्याचं कारण म्हणून बराच काळ ‘सुरुंग’ असं लिहिलं जाई, आता श्नॉर्कलच्या बिघाडाची शक्यताही मांडतात. 56 माणसं होती, एकही वाचलं नाही. आठवड्याभरात बोर्दो जर्मनांच्या हातून गेलं.

तिच्याबरोबर सुटलेली यू-195 मात्र अटलांटिक, आफ्रिकेचं केप टोक, हिंदी महासागर पार करून डिसेंबर 1944 मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोचली. तीही तीच जुनी सहा इंजिनं काढून नवी दोन बसवलेली बोट. जर्मनी शरण गेल्यावर जपान्यांनी ती ताब्यात घेऊन आय-506 असं नाव दिलं.

आय-29 त्याआधीच गेली होती. फ्रान्सच्या लोरियां बंदरात जाऊन जर्मन जेट आणि रॉकेट इंजिनांचे आराखडे घेऊन परतताना 26 जुलै 1944 ला, फिलिपिन्सच्या उत्तरेला बालिंतांगच्या सामुद्रधुनीत, अमेरिकन पाणबुडी ‘सॉफिश’ने तिला बुडवलं. रबरी होडीच्या दोन्ही टोकांच्या दोन्ही बोटी महिनाभराच्या आत तळाला.

तोमोनागांनी जर्मनीत दोन वर्षं काढली. मार्च 1945 मध्ये ते यू-234 वर चढले, जपानला परत निघालेल्या शेवटच्या मालवाहू पाणबुडीवर. पोटात इतर मालासोबत 560 किलो युरेनियम ऑक्साइड होतं. बोट अटलांटिकमध्ये असतानाच जर्मनी शरण गेला आणि कप्तानाने अमेरिकनांच्या स्वाधीन व्हायचं ठरवलं. तोमोनागा आणि त्यांचे सहकारी गेन्झो शोजी यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या. बोटीवरच्या जर्मनांनी दोघांचे देह समुद्रात सोडले.